सोलापूरच्या तळ्यांतील मरळ : कोणत्या ऋतूत गळ कुठे टाकावा

बास कसा पकडावा असे कोणी विचारले, तर तो मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा आपल्या तळ्यांत नाही, एवढेच सांगावे लागते. परंतु त्याच्यासारख्याच, गवताच्या आडोशाला दबा धरून भक्ष्यावर झडप घालणाऱ्या माशाची शिकार ज्याला शिकायची आहे, त्याला सोलापुरात मरळ पुरेशी आहे. हिप्परग्याचा एकरूख तलाव असो किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यातील उथळ कडा, पाणी बहुधा मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेले असते, म्हणून आधी परवानगी घ्यावी. सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्यात मात्र गळ टाकण्याचा विचारही करू नये.

मरळीची जागा शोधायची ती तिच्या श्वासावरून. कल्ल्यांच्या वर तिला हवा भरून घेण्याची पोकळी असते आणि केवळ पाण्यातील प्राणवायूवर तिचे भागत नाही, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावेच लागते. पाण्यावर ‘बुळुक्’ असा आवाज होऊन एक वर्तुळ उठते. ते दिसले की तिथेच लगेच गळ न टाकता, ती कोणत्या गवताकडे वळली हे पाहावे आणि आमिष त्या गवताच्या पलीकडे टाकावे.

जूनच्या पहिल्या पावसानंतर पाणी काठावरील बाभळी आणि गवतात शिरते, त्यासोबत बेडूक येतात आणि मरळही येते. हा तिचा विणीचा काळ असल्याने एका गोष्टीचे भान ठेवावे. वारा नसताना परातीएवढ्या जागेत पाणी बारीक सरी पडाव्यात तसे थरथरत असेल आणि त्यात तांबूस पिल्लांचा थवा दिसत असेल, तर खाली आई-बाप राखण करीत असतात. त्या वेळी ते कशावरही धावून येतात, म्हणून गळाला लागणेही सोपे. परंतु त्यांना काढले की तो सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तिथून मी काठी आवरून पुढे जातो.

सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, त्यामुळे खरा हंगाम ऑक्टोबरात, पाणी निवळल्यावर सुरू होतो. रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्याने गवतात अडकत नाहीत, आणि ४० पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी एवढे साहित्य पुरते. बेडूक गवतावर टाकून थोडा ओढावा, थांबावा, पुन्हा ओढावा. झडप पडताच झटका देण्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी मी असेच कितीतरी मासे गमावले. मरळ आधी तोंडात धरते, मग आत घेते, म्हणून दोरी ताणली जाईपर्यंत दोन अंक मोजावेत आणि मग जोरात खेचावे, कारण तिचा जबडा हाडाचा आहे.

थंडीत ती सुस्त असते. ऊन चढल्यावर, दहानंतर जावे आणि आमिष फारच संथ ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत उलट, उजाडण्याच्या सुमारास तासभर आणि सूर्य मावळताना थोडा वेळ एवढीच संधी मिळते. तळे आटू लागले की मरळ उरलेल्या डबक्यांत गोळा होते, काही तर चिखलातच दडून राहतात. काढलेली मरळ ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहते, तेव्हा पिशवीतून उडी मारील हे गृहीत धरून तोंड घट्ट बांधावे.