जांघेतलं दुखणं ते पहिला पेपर

सिनॉप्सिस, म्हणजे पीजीच्या प्रबंधाचा आराखडा, द्यायची तारीख जवळ आली की ज्युनिअर मुलंमुली दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, स्पोर्ट्समधला एखादा टॉपिक सुचवा ना." खरं तर टॉपिक त्यांनी मोबाइलवर शोधून ठेवलेलाच असतो: व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये अमुक व्यायाम विरुद्ध तमुक व्यायाम. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या ग्रामीण रुग्णालयात व्यावसायिक फुटबॉलपटू कुठून आणायचे, एवढं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मी एमपीटी स्पोर्ट्स, म्हणजे खेळांच्या फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, करून याच भागात काम करते. खुबा आणि जांघ हा माझा विषय. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं की टॉपिक शोधू नका. आधी एका माणसाचं आयुष्यभराचं काम तारखेनुसार वाचा आणि मग आपल्या ओपीडीत बसा.

वाचायला सुरुवात कुठून करायची, तर राइनहोल्ड गांझ यांच्यापासून. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे हे ऑर्थोपेडिक सर्जन. खुब्याची वाटी उथळ असलेल्या तरुण रुग्णांसाठी वाटीभोवतीचं हाड कापून ती नीट फिरवून बसवायची शस्त्रक्रिया त्यांच्या गटाने 1988 मध्ये छापली. पुढे याच शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण म्हणू लागले की पाय वाकवला की जांघेत दुखतं. शस्त्रक्रिया तर यशस्वी, मग दुखणं कसलं? वाटी पुढे आल्यामुळे मांडीच्या हाडाची मान तिच्या काठावर आपटत होती. हे त्यांनी 1999 मध्ये लिहिलं. आता आत नेमकं काय होतं ते डोळ्यांनी बघायचं, तर सांधा उघडायला हवा. पण उघडताना हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते डोकंच मरतं. म्हणून 2000 मध्ये त्या रक्तवाहिनीचा मार्ग शवविच्छेदनातून नीट मांडला गेला. 2001 मध्ये त्या वाहिनीला धक्का न लावता सांधा पूर्ण उघडायची पद्धत आली, 213 खुब्यांच्या अनुभवासह, आणि त्यात एकाही डोक्याचा रक्तपुरवठा गेला नव्हता. आणि 2003 मध्ये तो प्रसिद्ध निबंध: फिमोरोॲसिटॅब्युलर इम्पिंजमेंट, म्हणजे हाडाच्या आकारामुळे सांध्यात होणारी आपटण, ही तरुण वयातल्या खुब्याच्या झिजेचं कारण असू शकते.

हे पाच पेपर सुटे वाचले तर पाच वेगळे विषय वाटतात. ओळीने वाचले की दिसतं, प्रश्न बाहेरून आलेलाच नाही. स्वतःच्याच रुग्णाची तक्रार त्यांनी सोडली नाही, बस. गाइडने यादी दिली की मुलं सगळ्यात नवा पेपर आधी उघडतात. मी उलटं करायला लावते.

पण तिथेच थांबायचं नाही, कारण 2003 नंतर या निदानाची लाटच आली. एक्स-रेत हाडाला फुगवटा दिसला की इम्पिंजमेंट, आणि इम्पिंजमेंट म्हटलं की दुर्बिणीची शस्त्रक्रिया. 2015 च्या एका आढाव्यात असं दिसलं की काहीही त्रास नसलेल्या लोकांमध्येही हा फुगवटा 37 टक्क्यांना असतो, खेळाडूंमध्ये तर जवळपास 55 टक्क्यांना. 2016 च्या वॉरिक करारात, म्हणजे या विषयातल्या तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात, मग स्पष्टच लिहिलं गेलं: लक्षणं, तपासणीतल्या खुणा आणि इमेजिंग, तिन्ही जुळलं तरच सिंड्रोम म्हणायचं. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये ब्रिटनच्या 23 रुग्णालयांतली चाचणी आली. 348 रुग्ण, एकीकडे शस्त्रक्रिया, दुसरीकडे फिजिओथेरपी. वर्षभराने खुब्याच्या त्रासाच्या प्रश्नावलीत शस्त्रक्रियेचा गट 100 पैकी 6.8 गुणांनी पुढे होता. सर्जन मंडळी हा आकडा छाती फुगवून सांगतात. मी तो पेपर मुलांना देते आणि म्हणते, दोन्ही गट सुधारलेत, तेवढा भागही वाचा. 6.8 गुणांसाठी गावातल्या माणसाने किती कर्ज काढायचं हे त्या पेपरात नाही. तो हिशेब आपल्याला करावा लागतो.

आता आपल्या बाकावर बसलेली माणसं बघा.

पहिला, पोलीस भरतीवाला. आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा खेळाडूवर्ग आहे, फक्त त्याला कुणी खेळाडू म्हणत नाही. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी ही मुलं, 1600 मीटरची वेळ काढण्यासाठी. मुली 800 मीटरसाठी. आधी दोन-तीन महिने शेतात किंवा घरी, मग जाहिरात निघाली की एकदम रोजचं धावणं, घासलेल्या बुटात, पोटाला चहा-पोळी. हाडाला सवय व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. मुलगा आत येतो तो थोडा लंगडत. कुठे दुखतं विचारलं की बोट ठेवत नाही. अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा कमरेखाली बाजूने धरतो. पुस्तकात याला सी साइन म्हणतात, दुखणं सांध्याच्या आतलं असल्याची ती खूण. आणि म्हणतो, "मॅडम, ग्राउंड तोंडावर आलं, आता थांबलो तं सारंच गेलं." ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी.

इथे नवख्या फिजिओने एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. अचानक धावणं वाढवलेल्या तरुणाला जांघेत दुखत असेल, वजन टाकलं की वाढत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडलेला बारीक तडा, नाही हे सिद्ध होईपर्यंत आहेच असं समजायचं. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. नॉर्मल आला म्हणून "लचक आहे, शेक घे" म्हणून परत पाठवायचं नाही, एका पायावर उड्या मारून दाखव असंही सांगायचं नाही. कुबड्या द्यायच्या, धावणं बंद करायचं, ऑर्थोकडे आणि एमआरआयला पाठवायचं. तडा मानेच्या खालच्या बाजूला, म्हणजे दाबाच्या बाजूला आणि लहान असेल तर वजन न टाकता भरून येतो. वरच्या, ताणाच्या बाजूला असेल तर सरकण्याचा धोका मोठा, बहुतेकदा स्क्रू घालावे लागतात. सरकला तर डोक्याचा रक्तपुरवठाच धोक्यात, आणि मग भरती राहिली बाजूला, विशी-पंचविशीत खुबा बदलायची वेळ येते. वर्षभर थांबण्याचं दुःख मुलाला समजावणं हे मला अजून सोपं जात नाही. घरच्यांना सोबत बोलवा, एवढंच सांगेन.

दुसरा, सिकल सेलवाला. विदर्भात जांघदुखीच्या तरुणाला सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल न विचारणं म्हणजे अर्धी तपासणी. या आजारात खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते मरू शकतं, आणि इथेही सुरुवातीचा एक्स-रे फसवतो. 1958 साली लॅन्सेटमध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा निबंध आला, तो नागपुरातल्या कामावरचा. परदेशी जर्नलमध्ये छापून यायला परदेशी रुग्ण लागतात असं वाटणाऱ्यांसाठी सांगितलं.

तिसरे कबड्डी आणि खो-खोवाले. त्यांची जांघ बहुतेकदा स्नायूंची, मांडीच्या आतल्या बाजूची. त्यांच्यासाठी कोपनहेगन ॲडक्शन, म्हणजे मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम आहे. साहित्य काही लागत नाही, पाय धरायला जोडीदार लागतो. नॉर्वेतल्या अर्धव्यावसायिक फुटबॉल संघांत या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारी 41 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2019 मध्ये छापून आलं. आपल्या कबड्डी मंडळांत तो चालतो का? घ्या, हा एक टॉपिक फुकट.

आता अभ्यास रचायचा कसा. समजा भरतीच्या मुलांवर करायचा आहे. ओपीडीत आलेली मुलं मोजता येतील, पण ती किती जणांमधून आली? अंश आहे, छेद नाही. सैन्यातल्या अभ्यासात हा प्रश्न येत नाही. इस्रायली सैन्यातल्या 295 भरती जवानांवर लक्ष ठेवलेला अभ्यास 1985 साली छापून आला, 31 टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर सापडले. तिथे प्रत्येक माणूस यादीत होता. आपल्याकडची यादी तालुक्याच्या भरती अकॅडमीत असते. सरांच्या टेबलावर हजेरीचं रजिस्टर असतं, त्यात नाव, गाव, मोबाइल नंबर आणि बरेचदा धावण्याच्या वेळाही. तो आपला छेद. सरांची आणि मुलांची लेखी संमती घ्या आणि पहाटे मैदानावर जा. ओपीडीच्या वेळेत अकॅडमी बंद असते.

दुसरा पेच दुखापतीच्या व्याख्येचा. कित्येक अभ्यासांत दुखापत म्हणजे सराव बुडणं. आपली मुलं सराव बुडवतच नाहीत, गोळी घेऊन धावतात. त्या व्याख्येने मोजलंत तर तालुका ठणठणीत निघेल. म्हणून ऑस्लोच्या संशोधकांची 2013 ची प्रश्नावली बघा. दर आठवड्याला चारच प्रश्न: भाग घेताना अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, कामगिरी घसरली का, दुखलं का. प्रत्येकाला 25, एकूण 100. व्हॉट्सॲपवरही विचारता येतात.

आणि खुब्याचे गुण मोजायची साधनं घेताना ती एकदा स्वतः भरून बघा. हॅरिस हिप स्कोअर 1969 चा, अजूनही सर्वत्र वापरतात. 100 पैकी 44 गुण दुखण्याला, 47 कामाला. कामात काय विचारलंय? बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीत तासभर बसता येतं का, जिना, सार्वजनिक वाहनात चढणं. बाकी लालपरीत चढता येणं हा आपल्याकडेही चांगला निकष आहे. पण उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही, निंदताना वाकून पुढे सरकणं नाही. 60 वर्षांच्या एखाद्या बाईंचे गुण छान येतात आणि त्या मात्र सांगतात, "बाई, खाली बसता येत नाही, संडासाची पंचाईत हाय." गुण त्यांचं खोटं पाडत नाहीत, फक्त विचारतच नाहीत. स्कोअर बदलू नका, बदललात तर तुलना संपली. सोबत आपले दोन-तीन प्रश्न वेगळ्या तक्त्यात ठेवा: मांडी घालता येते का, उकिडवं बसून आधाराशिवाय उठता येतं का, शेतातलं कोणतं काम सोडावं लागलं. पेपरात सगळ्यात जास्त वाचला जाणारा तक्ता बहुधा हाच ठरेल.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, पहिला रुग्ण नंतर. मागच्या तारखेने काही होत नाही. उपचारांची तुलना असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी, आणि ती मोफत आहे. निरीक्षणात्मक अभ्यास लिहिताना स्ट्रोबची, म्हणजे अशा पेपरात काय काय लिहायचं त्याची, यादी समोर ठेवा. "72 तासांत स्वीकृती" असं ईमेलमध्ये लिहिणाऱ्या जर्नलला उत्तरही देऊ नका. आधी तुमची स्तुती आणि मग फीचा आकडा, असाच तो सगळा मामला असतो. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घ्या, संकोच वाटला तरी. ज्याने पहाटे मैदानावर जाऊन माहिती गोळा केली त्याचं नाव शेवटी "आभार" मध्ये जाताना मी पाहिलंय.

सुरुवातीला मोठ्या चाचणीच्या मागे लागू नका. एक नीट लिहिलेली केस रिपोर्ट, मग वर्षभराच्या रुग्णांची मालिका, मग प्रश्नावलीचा अभ्यास, ही चढण पुरे.

फॉलोअपची तारीख मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून ठरवू नका. पेरणीच्या दिवसांत कुणी येत नाही. सोयाबीन काढणीला येत नाही, कापूस वेचायला लागला की बाया तर अजिबात नाही. सहा महिन्यांची भेट ऑक्टोबरात पडत असेल तर सिनॉप्सिसमध्येच आधी-नंतरची मुदत लिहून घ्या, आणि बाजाराचा दिवस विचारून ठेवा. त्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच, आणि दवाखाना बसस्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ असेल तर तोही येऊन जातो. घरच्या दोन जणांचे नंबर घ्या. मुलाचा नंबर भरती झाली की बदलतो.