प्रकारांच्या चिठ्ठ्यांपलीकडे: पुस्तकं आणि सिनेमे लावण्याची दुसरी रीत

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी कुठल्या कपाटात ठेवायची? नाव वाचून कोणी युद्धकथांत ढकलेल, पण ती घडते युरोपातून निघालेल्या बोटीवर. प्रेमकथा म्हणावी, तर बोटीवर नाझींपासून पळालेले ज्यू निर्वासितही आहेत. सोसायटीच्या किंवा गावातल्या वाचनालयात अशी पुस्तकं चुकीच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात.

उपाय म्हणून कपाटांवरच्या प्रकारांच्या जुन्या चिठ्ठ्या फाडू नका. पुस्तक एकाच फळीवर उभं राहू शकतं, त्यामुळे तिथे दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं की मिळणारा) किंवा लेखकाचं आडनाव चालू द्या. बदल करायचा तो यादीत. तिथे एका पुस्तकाला हव्या तेवढ्या बाजू देता येतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणामागेही हाच विचार होता: विषयाचे पैलू सुटे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे.

गूगल शीटमध्ये पाच रकाने पुरतात: दार, वेग, ठिकाण आणि काळ, सूर, लांबी. ‘दार’ म्हणजे वाचक पुस्तकात शिरतो कुठून. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी अशी चार दारं सांगितली आहेत: गोष्ट, माणसं, ठिकाण, भाषा. एका पुस्तकाला जास्तीत जास्त दोनच द्या. चारही दिलीत तर तो रकाना भरला काय नि कोरा ठेवला काय, सारखंच.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची नोंद अशी होईल. दार: ठिकाण, माणसं. वेग: संथ. ठिकाण आणि काळ: माणदेश, औंध संस्थान, स्वातंत्र्यापूर्वी. सूर: कोरडा, आतून जिव्हाळ्याचा. त्यावरच्या १९९५ च्या सिनेमासाठी निराळी ओळ करा. ठिकाण तेच राहील, लांबी पानांऐवजी मिनिटांत येईल, आणि वेग व सूर सिनेमा पाहूनच भरायचे. पुस्तकावरून उचलायचे नाहीत.

आता खरी मेहनत शब्दांची. सगळे मिळून तीस-चाळीस शब्द ठरवा आणि त्यांच्याबाहेर जाऊ नका. ‘वाचनीय’, ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द काढून टाका. ती शिफारस झाली, वर्णन नव्हे. ‘रटाळ’ही नको. ज्याला संथ वाचायला आवडतं तो ‘संथ’ शोधत येईल, ‘रटाळ’ शोधत कोणी येत नाही.

शब्द हाताने टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन लावा, म्हणजे ठरलेल्या शब्दांतूनच निवडावं लागेल. मराठीत हे विशेष गरजेचं आहे. ‘गाव’ आणि ‘गांव’ हे फिल्टरला दोन वेगळे शब्द वाटतात. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही घोटाळा करते. ‘शेतकऱ्यांचं’मधला अर्धा र तर दोन तऱ्हांनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

शब्द ठरले की लगेच सगळी कपाटं उपसू नका. वीस पुस्तकं निवडा आणि दोघांनी एकमेकांचं न पाहता नोंदी करायच्या. पाचाहून जास्त पुस्तकांत वेगाबद्दल मतभेद झाले, तर ‘मध्यम’ म्हणजे काय ते आधी लिहून काढा. सुरावर भांडण होणारच. तिथे दोघांचे शब्द ठेवले तरी बिघडत नाही. मग सर्वाधिक देवघेव होणारी शंभर पुस्तकं घ्या. एकाला पाच मिनिटं धरली तर आठ-साडेआठ तासांचं काम आहे, दोन रविवारांत उरकतं.

सिनेमांना एक रकाना जास्त लागतो: काय खटकू शकतं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+, १६+ असं वय असतं, पण आजीला नातवंडांसोबत बसायचं असेल तर नुसत्या वयावर भागत नाही. ‘लहान मुलाचा मृत्यू’, ‘जनावराला मारहाण’ असं सरळ लिहा. शेवट फोडू नका. कोणतं पात्र, केव्हा, हे लिहायची गरज नाही.

‘दलित साहित्य’ या चिठ्ठीबाबत मात्र जपून. हे एका चळवळीनं स्वतः घेतलेलं नाव आहे, ते पुसायचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही. नाव ठेवा, फक्त त्याच एका शब्दावर थांबू नका. एखाद्या दलित आत्मचरित्राला ‘दार: भाषा’ आणि ‘मुंबई, चाळ’ असंही लिहिलंत, तर एरवी त्या कपाटाकडे न फिरकणारा सभासदही ते नेईल.

सहा महिन्यांनी यादी चाळा. ज्या शब्दानं कोणी काही शोधलेलं नाही, तो जवळच्या शब्दात मिसळून टाका. ठिकाणांना हा नियम लावू नका: ‘कोकण’ किंवा ‘विदर्भ’ असं शोधता येतं हे बऱ्याच सभासदांना ठिकाणांची यादी समोर ठेवल्यावरच कळतं, म्हणून ती छापून देवघेवीच्या टेबलावर ठेवा.