षड्दर्शनं वाचायला बसताय? आधी या चुका टाळा

गेली बरीच वर्षं दर रविवारी सकाळी आमच्याकडे आठ-दहा जण दर्शनांचे, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातल्या सहा परंपरांचे, ग्रंथ वाचायला जमतात. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. नवा माणूस बहुधा एक तक्ता घेऊन येतो. सहा ओळी, चार रकाने: दर्शन, संस्थापक, ग्रंथ, शिकवण. न्यायापुढे गौतम आणि ‘तर्क’, वैशेषिकापुढे कणाद आणि ‘अणू’, सांख्यापुढे कपिल आणि ‘पंचवीस तत्त्वं’, योगापुढे पतंजली आणि ‘समाधी’, मीमांसेपुढे जैमिनी आणि ‘यज्ञ’, वेदान्तापुढे बादरायण आणि ‘ब्रह्म’. परीक्षेत दोन गुण मिळवायला एवढं पुरतं. पण ही सहा मंडळी एकमेकांशी कडाकडा भांडतायत, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आस्तिक म्हणजे देव मानणारा, हा समज

ही माझी स्वतःची चूक, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग.

पंचविशी नुकतीच उलटली होती. गणेशोत्सवात एका मंडळाने ‘सहा दर्शने’ या विषयावर बोलायला बोलावलं. मागे गणपती, पुढे भरलेला मांडव. मी ठणकावून सांगितलं, ‘‘सहाही आस्तिक दर्शनं ईश्वर मानतात, मार्ग तेवढे वेगळे.’’ टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले उपरणंवाले शास्त्रीबुवा उभे राहिले. ‘‘छान बोललात. एवढंच सांगा, सांख्यांचा ईश्वर पंचविसांतला कितवा?’’

मी माइकसमोर बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. प्रकृती, महत्, अहंकार. मन धरून अकरा इंद्रियं, म्हणजे झाली चौदा. पाच तन्मात्रं, एकोणीस. पाच महाभूतं, चोवीस. पंचविसावा पुरुष. पेरं उरली होती, तत्त्वं संपली होती. ‘‘असू द्या,’’ शास्त्रीबुवा म्हणाले, ‘‘आरतीची वेळ झाली.’’

दर्शनांच्या भाषेत आस्तिक म्हणजे वेदाला प्रमाण मानणारा. वेदाची निंदा करतो तो नास्तिक, ही मनुस्मृतीतली व्याख्या. देवाचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर सहा घरांत सहा तऱ्हा आहेत. सांख्यसूत्रात ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं सरळ सूत्रच आहे. योगात ईश्वर आहे, पण तो क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला ‘पुरुषविशेष’. जग घडवणं हे त्याचं काम नव्हे. मीमांसकांना यज्ञाचं फळ पोचवायला ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती पुरते. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी तर जगाच्या कर्त्याची कल्पना उलटतपासणी घेऊन मोडीत काढलीय: त्याला शरीर होतं का, आणि जग करण्यात त्याचा हेतू काय? ज्याच्याइतका वेदाभिमानी शोधून सापडणार नाही, तोच हे विचारतो. उलट नैयायिक उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजली’ हा अख्खा ग्रंथ लिहिला.

माझा तोडगा साधा आहे. कुठलंही दर्शन हातात घेतलं की ‘देव मानतात का?’ हे मी विचारतच नाही. ‘केलेल्या कर्माचं फळ कर्त्यापर्यंत कोण पोचवतं?’ एवढंच विचारतो. उत्तर शोधता शोधता निम्मं दर्शन हाती लागतं.

‘शेवटी सगळे एकच सांगतात’

पहिल्या रविवारी हे वाक्य उच्चारणाऱ्याला मी चहा देतो आणि गप्प बसतो. ज्या गणपतीपुढे उभा राहून मी ते भाषण ठोकलं, त्याचंच वर्णन ज्ञानेश्वरीच्या आरंभी आहे. सहा दर्शनं म्हणजे त्याचे सहा हात, आणि त्यांच्यात विसंवाद आहे म्हणून प्रत्येक हातात निराळं आयुध. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. मोदक कुणाच्या हातात दिलाय ते बघा आणि ज्ञानदेवांचा कल कुठे आहे ते ओळखा. पण मोदक दिला म्हणून परशू काढून घेतलेला नाही. समन्वय करायचा असेल तर खुशाल करा, आधी निदान दोन वर्षं भांडण ऐका.

पूर्वपक्षाला सिद्धान्त समजणं

पूर्वपक्ष म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं, सिद्धान्त म्हणजे ग्रंथकाराचं स्वतःचं मत. त्यांची गल्लत ही चूक घाईची, आणि घाई हल्ली फार बोकाळलीय. एक हुशार तरुण आमच्यात येत असे. दुसऱ्याच रविवारी त्याला ब्रह्म हवं होतं. न्यायाचं पहिलं पुस्तक तर्कसंग्रह ‘बोअर’ म्हणून सोडून त्याने थेट ब्रह्मसूत्रावरच्या शांकरभाष्याचं भाषांतर उघडलं आणि एका पहाटे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘शंकराचार्य म्हणतात, स्वप्नातले अनुभव जसे बाहेर वस्तू नसताना येतात, तसेच जागेपणीचे खांब-घडेही!’ वीस जणांनी हात जोडले.

वाक्य भाष्यातलंच आहे. दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, २८व्या सूत्रावर. फक्त ते शंकराचार्यांचं नाही, त्यांनी मांडलेलं विज्ञानवादी बौद्धाचं (बाहेर वस्तू नाहीत, ज्ञान तेवढं आहे, असं मानणाऱ्याचं) म्हणणं आहे. ते पूर्ण मांडून झाल्यावर ‘एवं प्राप्ते ब्रूमः’ म्हणून आचार्य उत्तराला बसतात, आणि उत्तर झणझणीत आहे. बाहेर वस्तू दिसत असताना ती नाहीच म्हणणारा माणूस म्हणजे जेवून तृप्त होत असतानाच ‘मी जेवत नाही, मला तृप्तीही नाही’ म्हणणारा. वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ भासते, असं प्रतिपक्षी म्हणतो, तर विष्णुमित्र नावाचा कुणी वांझेच्या मुलासारखा दिसतो असं कधी कुणी म्हणतं का? पुढचंच सूत्र सांगतं की जागृतीतलं ज्ञान स्वप्नासारखं नाही, कारण दोन्हींचा धर्म, म्हणजे स्वभाव, वेगळा आहे.

म्हणजे ‘अद्वैतात जग स्वप्न आहे, म्हणजे नाहीच’ हा दुसरा लाडका गैरसमजही याच पानावर अडकून पडतो. (गौडपादकारिका हा अद्वैताचा जुना ग्रंथ वाचलेले इथे हात वर करतील. तिथे स्वप्न आणि जागृती यांचं साम्य दाखवलंय, हे कबूल. ते प्रकरण वेगळं वाचावं.) अद्वैत जगाला मिथ्या म्हणतं, पण मिथ्या म्हणजे शून्य नव्हे. दोरीवरचा साप खराही नसतो आणि सशाच्या शिंगासारखा अगदीच नसतोही. तो दिसतो, घाम फोडतो आणि दिवा आणल्यावर जातो. व्यवहारातलं जग त्या सापाहूनही पक्कं. ब्रह्मज्ञान होईपर्यंत ते बाधित होत नाही, म्हणजे खोटं ठरत नाही. तोवर विजेचं बिल भरावंच लागतं.

उपाय? पेन्सिल. मी समासात पूर्वपक्षापुढे ‘पू’ आणि सिद्धान्तापुढे ‘सि’ लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. ‘ननु’, ‘स्यादेतत्’ दिसलं की समोरचा बोलू लागला. ‘इति चेत्, न’ किंवा ‘अत्रोच्यते’ आलं की ग्रंथकार. भाषांतरं हे खुणेचे शब्द पुष्कळदा गिळून टाकतात, म्हणून मूळ शेजारी हवंच. संस्कृत येत नसेल तरी एवढे चार-सहा शब्द ओळखता येतात. त्यालाही ज्याचा कंटाळा, त्याने सुविचारांच्या दिनदर्शिकेवर भागवावं.

शब्द ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचा

‘गुण’ हा सगळ्यांत फसवा. वैशेषिकांचे गुण चोवीस: रूप, रस, गंध, संख्या वगैरे. ते द्रव्यावर राहतात, स्वतः द्रव्य नसतात. सांख्यांचे सत्त्व, रज, तम हे मात्र प्रकृती ज्यांची बनलीय ते घटक. दोरीचे तीन पेड समजा. एकाची व्याख्या दुसऱ्याला लावलीत की पुढची दहा पानं वाया. ‘प्रकृती’चा तब्येतीशी संबंध नाही, ‘पुरुष’ म्हणजे पुरुषमाणूस नव्हे, आणि सांख्यांचा पुरुष एकही नाही. ते अनेक आहेत. मी प्रत्येक दर्शनासाठी वेगळी वही ठेवतो. एकाच वहीत सगळं लिहिणारे शेवटी सगळ्याची मिसळ करतात.

न्याय टाळून पुढे जाणं

अनुमानाचे पाच अवयव पाठ असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर, म्हणून आग, जसं स्वयंपाकघरात. मग मी उलटं विचारतो: डोंगरावर आग आहे, म्हणून धूर असणारच? निम्मे लोक मान डोलावतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर कुठे असतो? धूर यायला ओलं सरपण लागतं, आणि न्यायाच्या भाषेत ही झाली ‘उपाधी’, म्हणजे लपलेली अट. एवढं अंगात मुरायला मला एक पावसाळा लागला. हे ज्याला येत नाही त्याला उदयनही कळत नाहीत आणि त्यांना खोडणारेही.

बाकीच्या चुका, उभ्या उभ्या

योग म्हणजे आसनं: योगसूत्रांत १९५ सूत्रं (काही प्रतींत १९६), त्यांतली आसनावर तीन.

कणादांनी आधुनिक अणू शोधला: त्यांचा परमाणू नित्य आणि न फुटणारा, आजचा अणू फुटतो. कवडशात तरंगणारा कण म्हणजे तीन द्व्यणुकं (दोन-दोन परमाणूंच्या जोड्या), म्हणजे सहा परमाणू, हा त्यांच्या परंपरेचा हिशोब. तो तसाच सुंदर आहे, त्याला प्रयोगशाळेचा कोट चढवू नका.

गीतेतलं ‘सांख्य’ वाचून पंचवीस तत्त्वं मोजायला बसणं: तिथे तो शब्द पुष्कळदा ज्ञानमार्ग या अर्थाने येतो.

वेदान्त म्हणजे अद्वैत: रामानुज, मध्व, निंबार्क, वल्लभ काय वाटेवर पडलेत?

सहाची यादी त्रिकालाबाधित मानणं: जैन आचार्य हरिभद्रांच्या ‘षड्दर्शनसमुच्चया’तल्या सहांत बौद्ध आणि जैन आहेत, वेदान्त नाही.

आणि एकेक दर्शन मांडत जाणारा ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिणारे माधवाचार्य वेगळे, द्वैतमताचे मध्वाचार्य वेगळे. त्या संग्रहात मध्वांचं मत पूर्णप्रज्ञदर्शन म्हणून येतं आणि पुढच्या दर्शनात खोडलं जाऊन मागे पडतं. दोघे एकच असते तर माणसाने स्वतःलाच खोडलं असतं.