संकेतस्थळाचा आराखडा आणि ‘सर्वांसाठी’ हा शब्द

डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस आणि थीम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरून लिहिते आहे. ते शिकवणारे साहित्य भरपूर आहे आणि माझी फजिती त्यांपैकी कशामुळेही झाली नव्हती. ती झाली पहिल्याच बैठकीत मिळालेले एक उत्तर मी जसेच्या तसे वहीत उतरवून घेतल्यामुळे. काम एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे होते. ते कोणासाठी आहे, असे मी विचारले तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी “सर्वांसाठी” असे सांगितले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मीही डोलावली. उद्देशाच्या रकान्यात मी लिहिले : “संस्थेची माहिती सर्वांपर्यंत पोहोचवणे.” हे वाक्य तेव्हा मला नेमके वाटले होते, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

पुढचे दोन महिने एकाही मुद्द्यावर वाद झाला नाही. इतिहास, उद्दिष्टे, अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणी, वार्षिक अहवाल, कार्यक्रमांची छायाचित्रे असे जे जे सुचवले गेले ते ते माझ्या वाक्यात चपखल बसत होते, कारण ती सगळी संस्थेचीच माहिती होती. ग्रंथालयाच्या वेळा मुखपृष्ठावरील स्लायडरच्या, म्हणजे एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांच्या पट्टीतील, तिसऱ्या चित्रात गेल्या, त्याही सूचनाफलकाच्या छायाचित्राच्या रूपाने. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तेथे काहीच नव्हते.

संकेतस्थळ सुरू झाल्यावर काही दिवसांनी मी देवघेव विभागात बसले होते. समोरच्या बाकावर एक विद्यार्थिनी फोन हातात घेऊन बसली होती. पुस्तक ती घरी विसरली होती आणि पुस्तक न दाखवता मुदत वाढवून मिळते का, एवढेच तिला रांगेत उभे राहण्यापूर्वी पाहायचे होते. तिने मेन्यू उघडला, ‘आमच्याविषयी’वर बोट ठेवले, मनोगतावरून अंगठा भराभर सरकवत खालपर्यंत गेली, मागे आली, ‘उपक्रम’ उघडले, पुन्हा मागे आली आणि शेवटी ‘संपर्क’मधील क्रमांकावर टिचकी मारली. टेबलावरचा फोन तिच्यापासून दोन हातांवर वाजला. तिला हवे असलेले उत्तर नियमावलीच्या पीडीएफमध्ये नवव्या पानावर होते. ते तेथे आहे हे सांगणारा दुवा मीच ‘डाउनलोड’ या नावाखाली ठेवला होता.

येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस हमखास येथेच अडखळतो. जो तुम्हाला काम देतो तो संकेतस्थळाचा वापरकर्ता नसतो, आणि तरीही बैठकीत तो एकटाच हजर असतो. तो संस्थेकडे आतून पाहतो, म्हणून त्याच्या तोंडून येणारा मेन्यू हा समित्यांचा आणि विभागांचा तक्ता असतो. कोणतीही व्यवस्था ती घडवणाऱ्या संघटनेच्या अंतर्गत संवादाचीच रचना उचलते, असे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये सॉफ्टवेअरच्या संदर्भात मांडले होते. मेन्यूला ते तंतोतंत लागू पडते. म्हणून उद्देशाचे वाक्य लिहून झाले की त्याला एकच प्रश्न विचारा : या वाक्याच्या आधारे मला कशाला नकार देता येतो? “माहिती पोहोचवणे” या वाक्याने कशालाच नकार देता येत नाही. याउलट “सभासदाला फोन न करता मुदतवाढीचा नियम कळावा आणि नवीन माणसाला सभासद होण्यासाठी काय काय लागते ते एकाच पानावर मिळावे” असे लिहिले असते, तर मनोगत मुखपृष्ठावर हवे का, या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेच लागले नसते, ते त्या वाक्यानेच दिले असते. ब्रिटिश सरकारचे गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झाले, तेथे वापरकर्त्याची गरज “मी अमुक आहे, मला तमुक हवे आहे, म्हणजे मला अमके करता येईल” या साच्यात लिहिण्याची पद्धत आहे. साचा साधा आहे, पण त्याचा तिसरा भाग भरता आला नाही तर ते पान कशासाठी आहे हे आपल्यालाच माहीत नाही, असे खुशाल समजावे.

एक वर्ग निवडला म्हणजे बाकीच्यांना दार लावले, अशी भीती मात्र बाळगू नका. देणगीदार आणि पत्रकार येतातच, त्यांची पानेही राहतात. ठरवायचा असतो तो क्रम. ‘सर्वांसाठी’ या शब्दाला खरा अर्थ आहे तो सुगम्यतेत, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता येण्यात : साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरक), केवळ कीबोर्डने वापरता येणारा मेन्यू, चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर. या गोष्टींत निवड करायची नसते.

चूक कळल्यावर मी दुसरी केली. कोठेतरी वाचून तीन ‘पर्सोना’, म्हणजे नमुन्यादाखल कल्पिलेले वापरकर्ते, तयार केल्या, त्यांना नावे, वये, छंद आणि हसरी छायाचित्रे दिली, आणि हे सगळे एका दुपारी खुर्चीत बसून केले. सॉफ्टवेअर-रचनाकार ॲलन कूपर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली तेव्हा तिच्या मुळाशी खऱ्या वापरकर्त्यांशी झालेल्या मुलाखती होत्या. माझ्या पर्सोनांच्या मुळाशी मी होते. तिघेही माझ्यासारखेच विचार करत आणि तिघांनाही माझा आराखडा आवडत असे. हल्ली अशा पर्सोना एआयकडून मिनिटभरात लिहून मिळतात. त्या माझ्या पर्सोनांपेक्षा सुबक असतात, पण त्यांच्यामागेही कोणाची मुलाखत नसते.

खरी माहिती मिळाली ती देवघेव विभागातल्या फोनपाशी ठेवलेल्या वहीतून. आलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहायचा आणि तोच पुन्हा आला की पुढे रेघ मारायची, एवढेच तेथील कर्मचाऱ्यांना सांगितले. आठवड्याने वही उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक रेघा वेळा, मुदतवाढ आणि अनामत या तीन ओळींपुढे होत्या. इतिहासाविषयी एकही नव्हती. संस्थेचे जुने संकेतस्थळ असेल तर गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात लोक गूगलवर कोणते शब्द टाइप करून तेथे पोहोचतात तेही दिसते, पण सुरुवात वहीनेच करावी, असे माझे मत आहे. चाचणीसाठीही मोठा फौजफाटा लागत नाही. पाच जणांना काम करताना पाहिले तर वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात, असा हिशोब वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडला होता. वापरकर्त्यांचे गट अगदी वेगळे असतील तर प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्यावेत, असेही त्यांनी म्हटले होते. पाहताना आपण गप्प बसायचे असते. मला ते अजून नीट जमत नाही, बोट आपोआप पडद्याकडे जाते.

“आधी मुखपृष्ठ रंगवून दाखव, क्लायंट खूश झाला की पुढचे सोपे,” असे मला एका अनुभवी सहकाऱ्यांनी शिकवले होते. क्लायंट खूश होतो हे खरे आहे, आणि मग त्या रंगवलेल्या पानाला हात लावू देत नाही. तयार थीमला माझा विरोध नाही, पण मजकुराआधी थीम निवडू नका. माझ्या थीमच्या नमुन्यात सारख्या आकाराच्या तीन चौकटी होत्या, म्हणून मी ग्रंथालयाची तीन वैशिष्ट्ये शोधून काढली. तिसरे सुचेना, तेव्हा ‘शांत वातावरण’ असे लिहिले.

कार्यकारिणीला हे सगळे कसे पटवायचे, याची धास्ती मला खूप होती. ती अनाठायी ठरली. मी वाद घातला नाही, वही टेबलावर ठेवली. मनोगत ज्यांचे होते त्या अध्यक्षांनीच ते आतल्या पानावर हलवायला सांगितले. वेळा आता मजकूर म्हणून मुखपृष्ठावर पहिल्या ओळीत आहेत आणि पुस्तक सोबत नसताना मुदत वाढवता येते का, या प्रश्नाला स्वतःचे छोटे पान आहे. वही अजून फोनपाशीच असते. सध्या सर्वांत जास्त रेघा ‘पासवर्ड विसरलो’ या ओळीपुढे आहेत, आणि ते पान मी या आठवड्यात तिसऱ्यांदा लिहिते आहे.