दर बोलून ठरले, आता आदेश कोणत्या साच्यात काढायचा?

टिप्पणीवर मंजुरीची सही झाली की बहुतेक सरकारी कार्यालयांत मागच्या वर्षीची फाईल निघते आणि तिच्यातलाच खरेदीचा किंवा कामाचा आदेश नाव-रक्कम बदलून छापला जातो. मागचे काम निविदेतून आलेले आणि यंदाचे एकाच कंपनीशी बोलून ठरलेले असले, तर हा फरक त्या छपाईत हरवतो. पुढे बिलावर हरकत येते तेव्हा तो सापडतो.

आधी बोलणी करायची मुभा कुठून आली ते पाहा. निविदा उघडल्यानंतर भाव कमी करायला बोलावणे जीएफआर 2017 चा, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा, नियम 173 कटाक्षाने टाळायला सांगतो. अपवादात्मक परिस्थितीत फक्त सर्वांत कमी दराच्या पात्र निविदाकाराशी, म्हणजे एल-वनशीच बोलता येते. एकाच कंपनीकडून दर मागवायचे असतील तर नियम 166: उत्पादक तो एकटाच, तातडीची गरज, किंवा चालू यंत्राला जुळणारा भाग. यातले जे कारण असेल ते टिप्पणीत येऊन भागत नाही. आदेशाच्या संदर्भात दराचे पत्र, बोलणीचे इतिवृत्त आणि मंजुरी या तिन्हींचे क्रमांक व तारखा हव्यात.

साच्याचा पहिला निकष रकमेचा. नियम 225 नुसार 2.5 लाखांपर्यंतच्या खरेदीला मूळ अटी घातलेला खरेदी आदेश पुरतो. खरेदी 2.5 ते 10 लाखांची असेल आणि निविदेच्या कागदांत सर्वसाधारण अटी, विशेष अटी व कामाची व्याप्ती असेल, तर स्वीकृतिपत्र, म्हणजे दर मान्य असल्याचे पत्र, गेले की करार बंधनकारक होतो. 10 लाख व त्यावरच्या बांधकामांना, तसेच 10 लाखांवरील खरेदीला, स्वतंत्र करारनामा हवा. तुमच्या खात्याच्या अधिकार-प्रदान आदेशात वेगळी मर्यादा असेल तर आधी ती बघा. तीन वर्षांचा देखभाल करार वर्षाला 2.4 लाख असला तरी तो 7.2 लाखांचाच धरायचा. वर्षावर्षाचे खरेदी आदेश काढून मर्यादेखाली राहणे म्हणजे मागणीचे तुकडे पाडणे आहे, आणि नियम 157 तेच नको म्हणतो.

खरी फसगत मधल्या टप्प्यात होते. तिथे स्वीकृतिपत्र पुरते, कारण त्यामागे निविदेच्या अटी उभ्या असतात. एकाच कंपनीला साधे पत्र पाठवून दर मागवले असतील तर मागे काहीच नसते. समजा गोव्यातल्या ओपाच्या जलप्रकल्पावरच्या पंपाचा सुटा भाग मूळ उत्पादकाकडून 6 लाखांना घ्यायचा आहे. कंपनीच्या दरपत्रकाच्या पाठीवर तिच्या स्वतःच्या अटी छापलेल्या असतात: आगाऊ रक्कम, वाहतूक तुमची, वाद तिच्या शहरातल्या न्यायालयात. तुम्ही नुसते 'तुमचा दर मान्य' लिहिलेत तर त्या अटीही मान्य झाल्या असे ती म्हणणारच. उपाय दोन. दर मागवतानाच, कंपनी एकच असली तरी, खात्याच्या अटींचा पूर्ण संच जोडायचा. किंवा रक्कम 10 लाखांखाली असूनही करारनामा करायचा. पहिला स्वस्त पडतो, पण तो आधी सुचावा लागतो.

स्वीकृतिपत्रात नवी अट घुसडू नका. करार कायदा 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त लागते; बोलणीत न झालेली अट घातली की ते पत्र उलट प्रस्ताव ठरू शकते. म्हणून क्रम असा ठेवा: बोलणी, इतिवृत्तावर दोघांच्या सह्या, कंपनीचे सुधारित दराचे लेखी पत्र, मंजुरी, मग स्वीकृती. 'लेटर ऑफ इंटेंट' नावाचा कागद मध्ये काढायचा मोह टाळा. तो सहसा पुढे करार करण्याचा इरादाच सांगतो, पण ठेकेदार माल मागवून मोकळा होतो.

बांधकामात साचा दरपद्धतीवर ठरतो. साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) निविदांत दिसणारा फॉर्म 7 टक्केवारीच्या दराचा, फॉर्म 8 बाबवार दराचा. टक्केवारीत बोलणीचा निकाल एका आकड्यात मावतो: अंदाजापेक्षा 4 टक्के जादा होते, 1 टक्का कमी ठरले. 'जादा' की 'कमी' हे अक्षरी लिहा. बाबवार दरात मात्र एकूण 8 लाखांवर 5 टक्के सूट घेऊन '7.60 लाख' एवढेच लिहिले, तर खोदाईचे परिमाण वाढल्यावर ठेकेदार जुना दर मागतो. दरसूची नव्याने काढा: घनमीटरला 840 होते तिथे 798, असे प्रत्येक बाबीला. सूट वाढीव परिमाणालाही लागू असल्याचे एक वाक्य घाला.

सहीचा रकाना अनेकांना किरकोळ वाटतो. घटनेच्या अनुच्छेद 299 नुसार राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्याच सहीने व्हावा लागतो. नाहीतर तो सरकारविरुद्ध लागू करता येत नाही, आणि ठेकेदाराला करार कायद्याच्या कलम 70 खाली केलेल्या कामाचा मोबदला मागत बसावे लागते. 30 मे 1987 पूर्वी गोवा केंद्रशासित होता. त्या काळातून उतरत आलेल्या नमुन्यात 'राष्ट्रपतींच्या वतीने' दिसले तर ते 'गोव्याच्या राज्यपालांच्या वतीने' करा. पंचायत, नगरपालिका किंवा सरकारी महामंडळ स्वतःच्याच नावाने करार करते. तिथे राज्यपालांचे वाक्य उचलून ठेवू नये.

स्वीकृतिपत्र निघाल्यापासून 21 दिवसांत करारनामा व्हायला हवा. न झाल्यास आदेश रद्द करून बयाणा जप्त करता येतो. नामनिर्देशनाने, म्हणजे निविदेशिवाय थेट एकाच कंपनीला, दिलेल्या कामात बयाणा बहुधा घेतलेलाच नसतो, त्यामुळे तुमच्या हातातली पकड म्हणजे कामगिरी हमी, काम करारानुसार पुरे होईल यासाठी कंपनीने दिलेले तारण. तिची मुदत हमीकाळासह सगळी कामे संपल्यानंतर 60 दिवसांपर्यंत हवी, आणि ती हाती येईपर्यंत 'काम सुरू करा' हे वाक्य कोणत्याच कागदात जाऊ देऊ नये.