नेमके काय अडले ते सांगता येणे: आमच्या संगणक मंडळाचा अनुभव

बँकेत मी २४ वर्षे संगणकासमोर बसून काढली आणि निवृत्तीनंतर तीन महिन्यांत मला कळून चुकले की संगणक मला येतच नाही. कोअर बँकिंगच्या पडद्यावर खाते क्रमांक टाकायचा, नोंद करायची आणि वरिष्ठांकडून ती मंजूर करून घ्यायची, एवढ्यावर नोकरी भागत होती. यंत्र अडले तर फोन केल्यावर माणूस येत असे. घरच्या डेस्कटॉपसाठी असा माणूस नव्हता. मुलगा परगावी, आणि त्याला फोनवर "काहीतरी इंग्रजीत आले होते, मी बंद करून टाकले" यापलीकडे मला काही सांगता येत नसे. २०१९ च्या दिवाळीनंतर साताऱ्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी जमणाऱ्या संगणक मंडळात मी पहिल्यांदा गेलो, तो अशा अवस्थेत. तेव्हापासून जे पदरात पडले, त्यातले नव्याने येणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढे येथे लिहितो.

पहिल्या दिवशी मी सांगितले, "माझा संगणक फार हळू चालतो." समोरच्या गृहस्थांनी उपाय सांगितला नाही, त्यांनी चार प्रश्न विचारले. सुरू व्हायलाच वेळ लागतो की सुरू झाल्यावर? एकच प्रोग्राम रेंगाळतो की सगळेच? हे केव्हापासून? त्याआधी नवे काय बसवले होते? एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मला घरी पाठवण्यात आले आणि पुढच्या शनिवारी उत्तरे वहीत लिहून आणायला सांगण्यात आले. त्या वेळी थोडा राग आला होता, हे कबूल करतो. परंतु आठवडाभर यंत्राकडे नीट पाहिल्यावर, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम यंत्राचा किती भाग वापरतो ते दाखवणारी खिडकी) उघडल्यावर, माझ्या २ जीबी रॅमपैकी, म्हणजे चालू कामांसाठीच्या तात्पुरत्या स्मृतीपैकी, जवळजवळ सगळी रॅम कामे सुरू करण्यापूर्वीच भरलेली असते हे मला स्वतःला दिसले. रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान अशी एसएसडी बसवली आणि प्रश्न मिटला. दुकानदाराकडे थेट गेलो असतो तर बहुधा नवा संगणकच घेऊन आलो असतो.

मंडळात कोणी शिक्षक नाही. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले एक निदेशक, मोटारी रिवाइंड करून देणारे एक दुकानदार, एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव असलेल्या बाई, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली आणि माझ्यासारखे काही निवृत्त, अशी ती मंडळी आहे. नियम मात्र एक आहे आणि तो कटाक्षाने पाळला जातो: दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून उभे राहावे आणि तोंडाने सांगावे; शिकणाऱ्याने कितीही वेळ घेतला तरी क्लिक त्यानेच करावे. हा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण पाळताना जीव कासावीस होतो, कारण समोरचा माणूस योग्य बटणाच्या अर्धा इंच अलीकडे घुटमळत असतो आणि आपला हात आपोआप पुढे जातो. मी तो दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे. मुलाने घरी येऊन पाच वेळा करून दिलेले काम मला सहाव्या वेळी आठवत नसे. मंडळात अर्धा तास धडपडून स्वतः केलेले काम मी आजतागायत विसरलेलो नाही. शिवाय हात बांधलेल्या माणसाला "इकडे", "ते तिथे" असे म्हणून चालत नाही. "वर उजव्या कोपऱ्यातील फुलीच्या डावीकडचा चौकोन" असे नेमके बोलावे लागते, आणि मग तीच भाषा ऐकणाऱ्याच्याही तोंडी बसते.

माझा सर्वाधिक वेळ मराठी टंकलेखनात गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. सचिवबाईंकडे संस्थेची १५ वर्षांची इतिवृत्ते जुन्या फाँटमध्ये होती. त्या फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडे. व्हायरस असावा, असे त्यांना वाटत होते. खरे कारण असे की त्या जुन्या फाँटमध्ये साठवली जात होती ती रोमन अक्षरांचीच सांकेतिक मूल्ये, आणि फाँट त्यांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार दाखवत असे. तो फाँट नसला की मूळ रोमन उघडे पडे. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा गट आहे, त्यामुळे तो मजकूर फाँट बदलला तरी मराठीच राहतो, शोधता येतो आणि कोठेही पाठवता येतो. जुनी इतिवृत्ते रूपांतरकातून काढली तरी जोडाक्षरे बिघडली होतीच; ती दुरुस्त करायला आम्ही चौघे सहा शनिवार बसलो.

नवख्याने इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कळफलक, शिकावा, असे माझे ठाम मत आहे. रोमन लिपीत लिहून मराठी उमटवणारी साधने सुरुवातीला सोयीची वाटतात, पण तिथे आपण मराठी शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवत बसतो. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने अशी मांडणी आहे. १९९१ च्या भारतीय मानकात ती आली आणि विंडोज व लिनक्स या दोन्ही संगणक प्रणालींत ती विनामूल्य मिळते. आमच्यातील एक कन्नडभाषक सभासद त्याच कळांवर कन्नड लिहितात, क त्यांचाही तिथेच असतो, याचे मला अजून कौतुक वाटते. नेमकी कळ ठाऊक असण्याचा फायदा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सहलीच्या सूचनेत "सह्याद्रीच्या दर्या पाहायला चला" असे छापून आले आणि डोंगरात समुद्र आल्याबद्दल महिनाभर चेष्टा झाली. दऱ्यांमधला तो ऱ रफार देऊन येत नाही. इंग्रजी जे च्या कळीवर र आहे, शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ येतो, मग डी ने हलन्त आणि स्लॅशच्या कळीवरचा य. ळ शिफ्ट आणि एन वर आहे. रोज अर्धा तास लिहिले तर तीन आठवड्यांत बोटांना जागा सापडू लागतात. मला पाच लागले.

कळांच्या युक्त्यांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात अर्थ नाही. विंडोज कळ आणि व्ही दाबल्यावर आधी कॉपी केलेल्या अनेक गोष्टींची यादी मिळते, आणि ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट व टी ने परत येतो, एवढ्या दोनच गोष्टी पहिल्या महिन्यात पुरे आहेत.

रिवाइंडिंगवाले एकदा लग्नाची ६ जीबीची चित्रफीत ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेत होते आणि संगणक घेऊ देत नव्हता. जागा तर भरपूर होती. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एकेक फाइल ४ जीबीहून मोठी असू शकत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यावर काम झाले, अर्थात आतील फाइल आधी दुसरीकडे ठेवून, कारण फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. हा उलगडा झाला तो त्यांनी पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता म्हणून. तेव्हापासून संदेश बंद करण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा, ही आमची रीत झाली.

काही गोष्टी एकट्याने ठरवू नयेत, हेही येथे कळले. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी; दोन्ही वेळी निम्मी मंडळी घाबरलेली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जे अनेक जुन्या यंत्रांत नाही. आम्ही प्रत्येकाचे यंत्र तपासले, काहींनी वाढीव सुरक्षा अद्ययावतांची एक वर्षाची मुदत घेतली, दोघांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली, आणि एकाने बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करणेच थांबवले. पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप बसवा, असा अनोळखी फोन आला तर आधी मंडळातील एखाद्याला फोन करायचा, हेही ठरलेले आहे. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे.

गेल्या वर्षी निदेशकांच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात त्यांना पडद्यावरचे दिसत नव्हते, तरी ते येत राहिले. विंडोज कळ आणि अधिकचे चिन्ह दाबून पडदा मोठा करायचे त्यांना त्या दोन मुलींनी सांगितले, अर्थात हात मागे बांधून, आणि आम्हा सर्वांना प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या त्या माणसाने मुलींना चार प्रश्न विचारले.

नव्याने येणाऱ्याने वही, चार्जर आणि अडलेल्या पडद्याचा फोटो आणावा. चहाची वर्गणी २० रुपये आहे. पहिल्या शनिवारी ती घेत नाहीत.