बेस गायकाची कल्पनारम्य कव्हर गाणी कशी ऐकावीत

जेफ कॅस्टेलुची हे ‘व्हॉइसप्ले’ या अमेरिकेतील गटाचे बेस, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीतील पुरुषी आवाजाचे, गायक आहेत. फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो हे या गटाचे गाव. वाद्यांविना, केवळ गळ्यांच्या आधारे गाणारा हा गट २०१३ साली ‘द सिंग-ऑफ’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या चौथ्या पर्वात उतरला होता. कॅस्टेलुची यांनी गटाबाहेर स्वतंत्रपणे केलेल्या कव्हर गाण्यांना (म्हणजे इतरांच्या गाण्यांच्या स्वतः गायलेल्या आवृत्त्यांना) मोठा चाहतावर्ग लाभला असून त्यांतील टोल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतील ड्वार्फांच्या (कथेतील बुटक्या लोकांच्या) गाण्याचे कव्हर पुष्कळांच्या विशेष आवडीचे आहे. अशा गाण्यांवर चाहत्यांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: गायक किती खाली गेला? हा प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. खालचा स्वर शब्दांना कुठे नेऊन पोहोचवतो, हे कळले तरच या गाण्यांचा खरा आनंद हाती लागतो, आणि त्यासाठी ऐकण्याची थोडी तयारी करावी लागते.

पहिली तयारी साधनाची. वृंदगायनात बेस आवाजाची नेहमीची कक्षा साधारण ८२ ते ३३० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने) मानली जाते, आणि या प्रकारचे गायक तिच्याही खाली, ६५ हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून खोल उतरतात. मराठी श्रोत्याला ही जागा परकी नाही. पुरुष गायकासाठी काळी एकमध्ये मिळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, म्हणजे तंबोऱ्याची शेवटची तार जिथे घुमते तिथे हा गायक पूर्ण शब्द उच्चारत असतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या सुसंवादी स्वरांवरून (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांवरून) आपला मेंदू त्याचा अंदाज बांधतो, त्यामुळे गाणे ‘ओळखू’ येते, पण छातीत जाणवत नाही. म्हणून कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत, किंवा कानात घालायचे इअरफोन असतील तर त्यांचे रबरी टोक कानात घट्ट बसले आहे याची खात्री करून घ्यावी. टोक सैल राहिले की सर्वांत आधी खर्जच निसटतो.

आवाज किती ठेवावा, हेही महत्त्वाचे आहे. हळू आवाजात मानवी कानाला मंद्र स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फारच क्षीण ऐकू येतात, ही गोष्ट फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवली होती. तेव्हा फार हळू लावू नये. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादाही विसरू नये. इक्वलायझरमधील बास वाढवण्याची कळ दाबण्याचा मोह आवरावा, कारण ध्वनिमिश्रण करणाऱ्याने जो तोल साधलेला असतो तो तिने ढळतो आणि शब्द गढूळ होतात.

दुसरी तयारी शब्दांची, आणि माझ्या मते हीच अधिक मोलाची आहे. गाणे लावण्यापूर्वी मूळ कविता एकदा मोठ्याने वाचावी. ‘द हॉबिट’ १९३७ साली प्रसिद्ध झाले आणि हे गाणे त्याच्या पहिल्याच प्रकरणात येते: ड्रॅगनने बळकावलेले आपले डोंगराखालचे घर आणि सोने परत मिळवण्यासाठी निघालेले तेरा ड्वार्फ कथानायक बिल्बोच्या घरी रात्री जमतात आणि काळोखात गाऊ लागतात. पुस्तकात त्यांच्यापाशी वाद्ये आहेत. फीली आणि कीली यांची छोटी फिडल, डोरी, नोरी आणि ओरी यांच्या बासऱ्या, बॉम्बूरचा ढोल, बाहेर काठ्यांमध्ये ठेवून आलेली बिफूर आणि बोफूरची क्लॅरिनेट, आणि त्यांचा नेता थोरिन याची सोनेरी हार्प. २०१२ च्या चित्रपटात मात्र गाणे नुसत्या गुणगुणण्यातून उगवते, थोरिन शेकोटीपाशी पहिले शब्द उचलतो आणि इतर पुरुषी आवाज त्याला येऊन मिळतात. बेस गायकांची कव्हरे या दुसऱ्या वाटेने जातात, आणि ती का भिडतात याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. घर गमावलेल्यांचे हे गाणे जमिनीखाली राहणाऱ्या, खाणी खोदणाऱ्या लोकांच्या तोंडी आहे, तेव्हा त्याचा आवाजही जमिनीखालून यावा, हे ऐकणाऱ्याला मनोमन पटते.

कवितेची घडण पाहिली तर गायकाचे काम अधिक उमगते. प्रत्येक कडव्यात चार ओळी आहेत. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ एका यमकाने बांधलेली, तर तिसऱ्या ओळीचे यमक तिच्या पोटातच, अर्ध्यावर आणि शेवटी. (ज्ञानेश्वरीतील ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा मोकळा सुटतो. त्या वळणाची सवय असलेल्या कानाला इथली चौथी ओळ जरा अधिकच बंदिस्त वाटते.) तिसरी ओळ आतल्या यमकामुळे हलकी होते, पुढे झुकते, आणि चौथी येऊन जमिनीवर पाय टेकते. गाताना चाल थेट वर चढो वा न चढो, तिसऱ्या ओळीत गायक श्वास कसा राखतो आणि चौथीच्या शेवटच्या शब्दावर तो किती निवांतपणे उतरतो, याकडे लक्ष द्यावे.

पहिल्या कडव्याची यमके ‘कोल्ड’, ‘ओल्ड’ आणि ‘गोल्ड’ अशी आहेत. ‘ओ’ हा गोलसर स्वर खर्जात आपसूक भरतो, आणि त्यानंतरचा ‘ल’ हाही घोष वर्ण असल्याने गायकाला त्यावर नाद टिकवता येतो. म्हणूनच बेस गायकाला हे कडवे जणू घरचे आहे. चित्रपटात गायलेल्या दुसऱ्या कडव्यात (पुस्तकात ते बरेच पुढे येते) यमक ‘हाइट’, ‘नाइट’, ‘लाइट’ असे बदलते. इथे स्वर जोडस्वर आहे, शेवटी अघोष ‘ट’ आहे, आणि टिकवायला जागाच नाही. चांगला गायक बहुतेक सारा काळ ‘आ’ वर थांबतो, ‘इ’ ला अगदी अखेरीस निसटता स्पर्श करतो आणि ‘ट’ हलकेच ठेवतो. हेडफोन लावून या दोन कडव्यांचे शेवट पाठोपाठ ऐकावेत. खर्जात शब्द स्पष्ट राहतात यालाही कारण आहे: मूळ स्वर जितका खालचा, तितके त्याचे सुसंवादी स्वर एकमेकांजवळ दाटीने येतात आणि स्वरवर्णांचा आकार कानाला पुरेपूर रेखलेला मिळतो. फार वरच्या पट्टीत स्त्री आवाजाचे शब्द अनेकदा एकसारखे होतात, ते याच्या उलट कारणाने.

आता थरांकडे वळावे. कॅस्टेलुची यांच्या अशा कव्हरांत जे पुरुषांचे वृंद ऐकू येते ते सारे त्यांचेच गळे असतात, एकेक भाग स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर रचलेले. पहिल्यांदा ऐकताना मुख्य गायनाच्या मागे जावे. दुसऱ्यांदा त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून तळाचा थर धरावा आणि तो शब्द म्हणतो की नुसता ‘म’ किंवा ‘ऊ’ धरून राहतो, हे टिपावे. तिसऱ्यांदा वरच्या सुरांकडे कान द्यावा, कारण बेस गायक मधल्या आणि वरच्या पट्टीतही गातो हे चाहते सर्रास विसरतात, आणि खालचा स्वर खोल वाटतो तो वर कोणीतरी उभे असते म्हणूनच.

खालचे स्वर सगळे एका जातीचे नसतात. छातीच्या नेहमीच्या आवाजातील स्वर भरीव आणि एकसंध असतो. त्याखाली गळा सैल सोडून काढलेला ‘फ्राय’ कुरकुरीत असतो आणि त्याचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. तिसऱ्या, उपसुसंवादी तंत्रात स्वरतंतूंचे कंपन असे बांधले जाते की गायलेल्या स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर उमटतो. यांपैकी कोणते ‘खरे’ यावर वाद घालणे मला निष्फळ वाटते. कोणते त्या शब्दाला शोभते, एवढेच पाहावे. हाच नियम मायक्रोफोनलाही लावावा. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेले की मंद्र भाग वाढतो, आणि एरवी सभागृहाच्या तिसऱ्या रांगेतही पोहोचला नसता असा स्वर कानाशी येतो. यात लबाडी काही नाही. मायक्रोफोन हा या गायनप्रकाराचा अविभाज्य भाग आहे.

कान तयार झाला की तुलना करावी. क्लामावि डि प्रोफुंडिस या कौटुंबिक गायकगटाने टोल्किनच्या कवितांवर पुष्कळ काम केले आहे. त्यांपैकी ड्युरिन या ड्वार्फ राजाच्या गीताला त्यांनी दिलेली चाल ऐकून पुन्हा एकट्या गळ्याच्या थरांकडे आले, की कुटुंबातील वेगवेगळ्या आवाजांचा वृंद आणि एकाच आवाजाची अनेक रूपे यांतील फरक लगेच जाणवतो. थोडे मागे जायचे असेल तर रशियन संगीतकार राखमानिनॉव यांची १९१५ सालची ‘ऑल-नाइट व्हिजिल’ ही वृंदरचना ऐकावी. तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी बेस गायक पायरी पायरीने उतरत सुमारे ५८ हर्ट्झच्या स्वरावर थांबतात, आणि असे गायक आणायचे कुठून, ते नाताळातल्या ॲस्परॅगसइतके दुर्मिळ आहेत, असे वृंदसंचालक म्हणाल्याची आठवण खुद्द राखमानिनॉव यांनी सांगितली आहे. तिथे मायक्रोफोन नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या इतर गळ्यांचाच आधार होता.

शेवटी दाद कशी द्यावी. ‘अंगावर काटा आला’ हे खरे असले तरी त्यातून गायकाला फारसे काही कळत नाही. मिनिट आणि सेकंद लिहून, त्या जागी कोणता शब्द, कोणता थर किंवा कोणता श्वास आवडला हे एका वाक्यात लिहावे. इंग्रजी अवघड वाटल्यास मराठीत लिहावे, भाषांतराची सोय आता सर्वत्र आहे. गाणे इतरांना पाठवताना मूळ दुवा पाठवावा, तुकडा कापून स्वतःच्या खात्यावर चढवू नये, आणि सोबत कवितेच्या कवीचे व गायकाचे नाव द्यावे. चाल चित्रपटातील असेल तर संगीतकारांचेही नाव शोधून लिहावे. गाणे विकत घेता येत असेल तर घ्यावे, कारण एका माणसाने आठ-दहा थर गाऊन, जुळवून, चित्रित करून काढलेल्या अशा कव्हरामागची मेहनत मोठी असते आणि तिचा मोबदला बऱ्याच अंशी थेट श्रोत्यांकडूनच येतो.